पक्षपात आणि मत : आष्टी-चिमूर १९४२ (धागा)

‘ही बातमी पक्षपाती आहे’ असे आपण सहज म्हणून जातो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच असतो की लिहिणाऱ्याचे मत आपल्याला रुचलेले नाही. वास्तविक मत बाळगणे आणि पक्षपात करणे या अगदी निराळ्या गोष्टी आहेत. हा भेद तात्त्विक चर्चेपेक्षा आमच्या वर्धा जिल्ह्यातील एका प्रकरणावरून अधिक स्पष्ट होतो.

आधी शब्द पाहू. पक्ष म्हणजे बाजू, पात म्हणजे पडणे. एका बाजूला कलणे. दुकानदार ‘माझ्यासारखी डाळ साऱ्या बाजारात नाही’ असे म्हणतो, ते त्याचे मत. ते ऐकून आपण पुढच्या दुकानात जाऊ शकतो. पण तोच दुकानदार तोलताना दांडी मारतो तेव्हा तो काहीच बोलत नाही. काटा बोलतो, आणि काट्यावर आपला विश्वास असतो. बातमीतला पक्षपात हा असा असतो.

आता १९४२. ८ ऑगस्टला मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव झाला. त्याच दिवशी सरकारने भारत संरक्षण नियमांखाली वृत्तपत्रांसाठी एक आदेश काढला. आंदोलनासंबंधीची वस्तुस्थितिदर्शक बातमी केवळ सरकारी सूत्रांकडून, ठरावीक वृत्तसंस्थांकडून किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे नोंदणी झालेल्या वार्ताहराकडूनच घ्यावी, असे त्याचे स्वरूप होते. हा आदेश मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी त्यातील चातुर्य जाणवते. येथे आक्षेप संपादकाच्या मतावर नव्हता. वस्तुस्थिती कोणाच्या तोंडून यावी हेच ठरवून टाकले होते. अग्रलेख लिहिण्याआधीच काटा सरकारच्या हाती गेला होता.

आठवडाभरात, १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी तेव्हाच्या आर्वी तहसिलीतील आष्टी गावी जमाव तिरंगा लावण्यासाठी पोलीस ठाण्यावर चालून गेला. पोलिसांनी गोळीबार केला, सहा गावकरी मृत्युमुखी पडले. संतप्त जमावाच्या हातून फौजदार आणि चार शिपाई मारले गेले. त्याच दिवशी शेजारच्या चांदा जिल्ह्यात चिमूरलाही गोळीबार झाला आणि तेथे सरकारी अधिकारी मारले गेले. पुढे चिमुरात फौज आणि पोलीस उतरले. पुरुषांची सरसकट धरपकड झाली आणि मागे राहिलेल्या स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी बाहेर आल्या. नागपूरहून गेलेल्या स्त्रियांनी त्या समक्ष ऐकल्या. मध्य प्रांत सरकारने पत्रक काढून आरोप फेटाळले आणि चौकशीस नकार दिला.

एकच घटना ‘दंगल’ म्हणून लिहिता येते आणि ‘उठाव’ म्हणूनही. शब्दांची ही निवड म्हणजे कल होय. वाचक सावध असेल तर तो ओळखतो. परंतु जे छापलेच गेले नाही ते ओळखायचे कसे? येथे भणसाळींचे प्रकरण येते.

प्रा. जयकृष्ण भणसाळी हे सेवाग्राम आश्रमातील साधक. एकेकाळी त्यांनी प्रदीर्घ मौनव्रत पाळलेले होते. चिमूरची चौकशी व्हावी या मागणीसाठी ते प्रथम दिल्लीस, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील सदस्य लोकनायक बापूजी अणे यांच्या दारी उपोषणास बसले. अणे यवतमाळचे, म्हणजे आपल्याच भागातले. त्यांनी स्वतः चिमूरला जावे असा आग्रह होता. तेथून भणसाळींना परत पाठवण्यात आले, आणि नोव्हेंबरात सेवाग्रामला उपोषण पुन्हा सुरू झाले. ते १२ जानेवारी १९४३ पर्यंत, ६३ दिवस चालले.

या उपोषणाची बातमी छापण्यास सरकारने मनाई केली. मत देण्यास नव्हे, तर एक मनुष्य अन्नावाचून आहे एवढे सांगण्यास. तेव्हा अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषदेने एरवी दिसत नाही असा बाणेदारपणा दाखवला. नववर्षाच्या सरकारी किताबांची यादी छापायची नाही, सरकारी मंडळींच्या भाषणांना स्थान द्यायचे नाही असे ठरले, आणि ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी अंकच काढला नाही. सरकारच्या मौनाला त्यांनी मौनानेच उत्तर दिले! पुढे समझोता होऊन उपोषण सुटले आणि बातम्यांवरील बंदीही उठली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारने गोंधळाची जबाबदारी काँग्रेसवर ठेवणारी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. निकाल तिच्या शीर्षकातच दिलेला होता. पुरावा म्हणून तीत प्रामुख्याने ‘हरिजन’मधील गांधींच्या लेखांचे उतारे होते. ते लेख म्हणजे मतेच. पण स्वतःच्या नावाने, कारणे देऊन, सर्वांसमक्ष मांडलेली. त्यांतले तुकडे कापून निवेदनाच्या ओघात बसवले की लेखकाचे मत सरकारची ‘वस्तुस्थिती’ होते. आगाखान पॅलेसमधील कैदेतून गांधींनी जुलैमध्ये दिलेल्या लांबलचक उत्तराचा एक मोठा भाग हे उतारे पूर्ण संदर्भासह पुन्हा ठेवण्यातच खर्च झाला आहे.

इथवर वाचून ‘इंग्रजांचा पक्षपात’ एवढाच निष्कर्ष निघत असेल तर तो अपुरा आहे. आमच्या बाजूच्या कथनातही दांडी आहे. आष्टीला आज आदराने शहीद आष्टी म्हणतात आणि ते यथार्थच आहे. परंतु हुतात्म्यांच्या स्मरणात ते फौजदार आणि शिपाई बहुधा एका ओळीत आटोपतात. तेही हिंदी माणसे होते, पगारावर नोकरी करणारे. त्यांचा उल्लेख केल्याने गोळीबार समर्थनीय ठरत नाही. तो वगळल्याने मात्र पुढे आष्टी-चिमूरच्या कैद्यांना झालेल्या फाशीच्या शिक्षा, त्या रद्द व्हाव्यात म्हणून देशभर झालेली खटपट आणि १९४५ मध्ये मिळालेली सूट, हे सारे अधांतरी राहते. खटला कशाचा होता तेच वाचकाला कळत नाही.

आणि चिमूरच्या स्त्रिया? सरकारी पत्रकात त्या ‘आरोप’ आहेत, राष्ट्रीय लेखनात ‘अब्रू’ आहेत. दोन्हीकडे त्यांच्याविषयी बोलले जाते. त्या स्वतः फार थोड्या ठिकाणी बोलतात. मला या प्रकरणातली सर्वांत खोल झुकती बाजू हीच वाटते, कारण तिच्याबाबत परस्परांचे शत्रू असलेले दोन्ही पक्ष नकळत एकमत आहेत. हे अर्थात माझे मत आहे, आणि ते खोडून काढण्यास लागणारी सामग्री वरच मांडलेली आहे.