लोखंडाला मज्जाव

भंडाऱ्याच्या पितळी भांड्याला चुंबक चिकटत नाही. भांडी घडवणाऱ्याला या गुणाचं फारसं सोयरसुतक नसतं. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्याचं मात्र त्यावाचून पान हलत नाही.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत ही मोजणी 1840च्या दशकात सुरू झाली. सप्टेंबर 1859च्या सौर वादळात तिथल्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरला. अभ्यासक आजही ती नोंद चाळतात. पुढे शहरात विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह आपलं चुंबकीय क्षेत्र तयार करतो. सूर्याची खळबळ आणि ट्रामची वर्दळ एकाच रेघेत उमटली, तर निवडायची कशी? संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबाग गाठलं. 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांनी जुन्या-नव्याचा सांधा जुळवला. 1907 मध्ये ट्राम धावली, तोवर बिऱ्हाड हललं होतं.

अलिबागची इमारत पोरबंदरी दगडाची. बिजागरी-खिळ्यांनाही लोखंड वर्ज्य.

गंमत पुढेच आहे. 1930च्या दशकात फ्लक्सगेट हे चुंबकीय क्षेत्र मोजणारं उपकरण आलं आणि हाकललेलं लोखंड थेट त्याच्या पोटात जाऊन बसलं. त्याच्या गाभ्याला गुंडाळलेल्या तारेतून उलटसुलट प्रवाह सोडून गाभा दोन्ही दिशांनी संपृक्त करतात. बाहेरचं क्षेत्र असलं की हा झोका एका बाजूला कलतो आणि दुसऱ्या तारेत दुप्पट वारंवारतेचा संकेत उमटतो.

पण गाभ्यातले चुंबकीय प्रदेश सरळ वळत नाहीत. अडखळत, हिसक्याने वळतात आणि संकेतात गोंगाट मिसळतो. हाइनरिश बार्कहाउझेनने 1919 मध्ये हेच हिसके ध्वनिवर्धकावर कडकड ऐकवले होते. बाहेरची ट्राम टाळता येते. घरातल्या या कटकटीवर उपाय धातूतच शोधावा लागतो. म्हणून साधं लोखंड बाद. सुमारे 80 टक्के निकेल, थोडं मॉलिब्डेनम आणि उरलेलं लोखंड अशा पर्मलॉय मिश्रधातूची पातळ पट्टी घेऊन तिचं कडं करतात. कड्याला उघडी टोकं नसतात, त्यामुळे ते सगळीकडे सारखं संपृक्त होतं. हायड्रोजनमध्ये तापवून धातूतले ताण आणि अशुद्धी घालवतात. चांगल्या गाभ्याचा गोंगाट एका हर्ट्झला 10 पिकोटेस्लांच्या आसपास उतरतो. अलिबागचं आडवं क्षेत्र याच्या लाखो पट.

तरी गाभ्यावर आंधळा विश्वास कुणी टाकत नाही. निरपेक्ष मोजणीसाठी कोन मोजणाऱ्या बिनलोखंडी थिओडोलाइटच्या दुर्बिणीवर फ्लक्सगेट बसवतात आणि दुर्बीण उलटीपालटी करून चार वाचनं घेतात. गाभ्यात मुरलेलं चुंबकत्व त्या सरासरीत वजा होतं.