पाषाण झालेली विष्ठा व पोटांतील जंत

किल्लारीस १९९३ सालीं भूकंप झाला. त्यानंतर तेथें भूमींत खोल छिद्र घेण्यांत आलें. सुमारें ३३८ मीटर काळा कातळ भेदल्यावर थोडासा गाळ लागला व त्याखालीं मूळ खडक. लातूर-नांदेडकडे ज्या काळ्या रानांत ज्वारी पिकते, त्याच्या तळाशीं शिलारसापूर्वीची भूमि अशी गाडलेली आहे. तसा गाळ उघड्यावर पाहावयाचा तर चंद्रपूर जिल्ह्यांत वरोड्याजवळ पिसदुऱ्यास जावें. तेथील तांबड्या मातींत महासरटांचीं हाडें सांपडतात; आणि त्यांच्याजवळच विष्ठा, दगड झालेली!

१८६३ सालीं ओढ्यांत बुडून ज्यांचा अंत झाला, त्या नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यानें हे अवशेष प्रथम गोळा केले. १९३९ सालीं मॅटले यांनीं त्या विष्ठाश्मांवर स्वतंत्र निबंध लिहिला. वाचकांनीं नाक मुरडूं नये. हाडावरून प्राण्याची आकृति कळते. त्यानें काय खाल्लें व त्याच्या आंतड्यांत कोण बिऱ्हाड करून होतें, हें विष्ठेसच विचारावें लागतें. २००५ सालीं वंदना प्रसाद प्रभृतींनीं पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांतून गवताच्या पेशींतील वाळूसारखे सूक्ष्म कण वेगळे काढले, आणि गवत हें महासरटांच्या मागून आलें, हा समज मोडला.

आंतड्यांतील बिऱ्हाडकरूंचा पुरावा मात्र बेल्जममधील बर्निसार येथें मिळाला. सुमारें साडेबारा कोटी वर्षांपूर्वींच्या, मांसाहारी महासरटाच्या मानलेल्या विष्ठाश्मांत पॉइनार व बूको यांस २००६ सालीं अमीबासारख्या जंतूंचे कोश आणि चपट्या व गोल कृमींचीं अंडीं आढळलीं. जंताचें अंग मऊ, तें लगेच कुजतें. अंड्याचें कवच मोठें चिवट. दगड तीव्र आम्लांत विरघळवून उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाचा, ही रीत. पण मातींतले कृमि मागाहूनही आंत शिरतात. म्हणून वरचा थर टाकून गाभाच घ्यावा लागतो. शिवाय विष्ठेवर धन्याचें नांव लिहिलेलें नसतें!

अलीकडील काळच्या वाळलेल्या विष्ठेंत तेंही कधीं वाचतां येतें. अर्जेंटिनाच्या डोंगरांतील सुमारें १६-१७ हजार वर्षांपूर्वींच्या एका विष्ठेंतून २०१९ सालीं प्यूमा या रानमांजराचें आणि त्याच्या पोटांतील गोलकृमीचें, दोघांचेंही आनुवंशिक द्रव्य मिळालें. तेथील वन्य पशूंस हा जंत माणसाच्या कुत्र्यामांजरांपासून लागला, असें तोंवर मानीत असत. पण हा प्यूमा माणूस त्या डोंगरांत येण्यापूर्वींचा होता.