नल्लकुंट्यातून पिंक फ्लॉइडकडे

हैदराबादचं नल्लकुंटा म्हटलं की जुन्या मंडळींना शंकर मठ आठवतो, फीव्हर हॉस्पिटल आठवतं आणि चुक्का रामय्या आठवतात. गणिताच्या या मास्तरांनी 1980च्या दशकात इथे आयआयटी प्रवेश परीक्षेचे वर्ग सुरू केले. भल्या पहाटे भरणाऱ्या या वर्गांत जागा मिळवायलाच आधी एक परीक्षा द्यावी लागे, आणि त्या परीक्षेची तयारी करून घेणारे वेगळे क्लासही निघाले. ‘आयआयटी रामय्या’ हे नाव आंध्रभर झालं.

पाश्चात्त्य रॉकच्या इतिहासात या पत्त्याचं काय काम, असं कुणीही विचारील. काम आहे. आपल्याकडे जुनं रॉक टिकलं त्याचं श्रेय सगळे मुंबईच्या श्रीमंत वस्त्यांना देऊन मोकळे होतात; पण ते खरं टिकवलं अभियांत्रिकीच्या वसतिगृहांनी. नल्लकुंट्यातून, लातुरातून, पुण्याच्या पेठांतून मुलं पवई, मद्रास, खरगपूरच्या आयआयटीत पोचत. घरी कुणी तेलुगू गायक घंटसाला ऐकलेला, कुणी सुधीर फडके. इथे सिनियरच्या खोलीत पिंक फ्लॉइड, लेड झेपलिन, डीप पर्पल वाजत असायचे. झेपलिन तर 1980 सालीच मोडलं होतं. दहा वर्षांनी ते पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलाला मात्र हे बंद पडलेलं दुकान आहे याची दखल घ्यायचं कारणच नव्हतं. त्याच्यासाठी तो नवा कोरा माल होता.

परदेशी तबकड्या महाग आणि दुर्मीळ. म्हणून कारभार चाले तो कोऱ्या कॅसेटवर. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, आणि 1973चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम साधारण त्रेचाळीस मिनिटांचा. तो एका बाजूला चपखल बसे. उलट्या बाजूला ‘विश यू वेअर हिअर’, तोही चव्वेचाळीस मिनिटांचा. दोन अल्बम, एक कॅसेट. कव्हरवर बॉलपेननं गाण्यांची नावं, कडेला मालकाचं नाव. प्रतीवरून प्रत काढली की मागची सळसळ वाढत जाई. चौथ्या-पाचव्या हातात आलेल्या कॅसेटमध्ये झांजा कुठल्या आणि सळसळ कुठली हे ओळखणं कठीण. तरी तक्रार कोण करणार? घराण्याची तालीम मिळावी तशी ही आवड वरच्या वर्षाकडून खालच्या वर्षाकडे येई. काय ऐकावं हे सिनियर ठरवत, त्यामुळे यादी फारशी बदलतच नसे. नव्या बँडांचं त्यात नुकसान झालं, हेही कबूल करायला हवं.

मैदानं होतीच. पवई आयआयटीचा ‘मूड इंडिगो’ महोत्सव 1970च्या दशकापासूनचा. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात 1986 साली फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू केला. त्याच रंगभवनात 1980 साली ‘द पोलिस’ वाजवून गेले होते. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी रंगभवनातला हा दणदणाट थांबवला. आजूबाजूला रुग्णालयं आणि कॉलेजं असताना दुसरं काही होणं अवघडच होतं.

मूळ मंडळी आली ती बरीच उशिरा. डीप पर्पल एप्रिल 1995मध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात, रोलिंग स्टोन्स एप्रिल 2003मध्ये ब्रेबॉर्नवर. तोवर हे गायक-वादक पन्नाशीच्या आसपासचे किंवा साठीला टेकलेले. समोरच्या पोरांना मात्र शब्द न् शब्द पाठ.

एव्हाना कॅसेटही मागे पडली होती. वसतिगृहांच्या आतल्या नेटवर्कवर ‘डीसी प्लस प्लस’मधून एमपी3 फायलींची देवाणघेवाण सुरू झाली. सळसळ गेली, यादी तीच राहिली. 2004 साली आलेल्या चेतन भगत यांच्या ‘फाइव्ह पॉइंट समवन’मधली दिल्ली आयआयटीची पोरंही फ्लॉइडच ऐकतात. मे 2025मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘गन्स एन’ रोझेस’ वाजले तेव्हा त्यांचा पहिला अल्बम येऊन अडतीस वर्षं होत आली होती.

या सगळ्याची लेखी नोंद फारशी कुठे नाही. तेव्हा माळ्यावर बॉलपेननं लिहिलेल्या कव्हरांच्या कॅसेट असतील, तर त्या भंगारात घालू नका. वसतिगृहाचं नाव, साल आणि कुणाकडून उतरवून घेतली एवढं चिठ्ठीवर लिहून आत ठेवा.