वडिलांची सहल : बर्लिन परिसरातील एका प्रथेचा इतिहास

महाराष्ट्रातील शहरांत जूनच्या तिसऱ्या रविवारी साजरा होणारा ‘फादर्स डे’ अमेरिकेतून आलेला आहे. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथे १९ जून १९१० रोजी सोनोरा स्मार्ट डॉड यांच्या पुढाकाराने तो पाळला गेला आणि १९७२ मध्ये त्यास कायद्याचे अधिष्ठान मिळाले. जर्मनीतील वडिलांच्या दिवसाची, म्हणजे ‘फाटरटाग’ची, परंपरा मात्र याहून वेगळ्या मुळांची आहे. हा दिवस ईस्टरनंतर ३९ दिवसांनी, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला येतो, त्यामुळे तो नेहमी गुरुवारीच असतो आणि ३० एप्रिल ते ३ जून यांच्या दरम्यान, म्हणजे उत्तर युरोपात झाडांना नवी पालवी फुटून घराबाहेर पडावेसे वाटण्याच्या काळात पडतो.

या सणाच्या आधीच्या तीन दिवसांत शिवाराला फेरी घालून पिकपाण्यासाठी प्रार्थना करण्याची रीत मध्ययुगापासून होती, आणि धर्मसुधारणेनंतर या फेऱ्यांतील प्रार्थना मागे पडून खाणेपिणे तेवढे उरले, असे मूळ अनेकदा सांगितले जाते. ते अशक्य नाही. तथापि प्रथेचे आजचे रूप पाहता तिचा खरा उगम एकोणिसाव्या शतकातील बर्लिनमध्ये, आणि धार्मिक फेरीपेक्षा तेथील वाहनांच्या इतिहासात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

या इतिहासात पहिला मान ‘क्रेम्झर’ या घोडागाडीचा आहे. नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत प्रशियाच्या सैन्याला रसद पुरवण्याचे काम केलेल्या झिमोन क्रेम्झर यांना १८२५ मध्ये ब्रांडेनबुर्ग वेशीपाशी भाड्याच्या गाड्या ठेवण्याची परवानगी मिळाली, आणि तेथून शार्लोटेनबुर्गकडे जाणाऱ्या या गाड्यांना पुढे त्यांचेच नाव पडले. क्रेम्झर म्हणजे दोन्ही अंगांना समोरासमोर लांब बाके असलेली, वर छत आणि बाजू मोकळ्या अशी लांबट गाडी. तीत दहा-वीस माणसे एकमेकांकडे तोंड करून बसत, पाऊस आलाच तर बाजूचे पडदे सोडत, आणि मधल्या जागेत खाण्याच्या टोपल्या ठेवत. संपूर्ण मंडळीने एकाच वाहनातून, एकमेकांशी बोलत जाण्याची ही सोय नसती तर ‘हेरेनपार्टी’, म्हणजे पुरुषांची सहल, इतकी रुजली असती असे वाटत नाही.

त्यानंतर १८८२ मध्ये शहराच्या मधून जाणारा उन्नत लोहमार्ग सुरू झाला, १८९१ मध्ये उपनगरी गाड्यांसाठी स्वस्त दर आले, आणि १८८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘श्टेर्न’ या कंपनीच्या आगबोटी श्प्रे व हाफेल या नद्यांवर फिरू लागल्या. त्यामुळे ज्या कामगारास गाडीचे भाडे परवडत नव्हते तोही सुटीच्या दिवशी तळ्याकाठी पोहोचू लागला. सायकल सर्वसामान्यांच्या हाती आली तेव्हा ती हिरव्या फांद्यांनी सजवून, डोक्यावर गवती टोपी घालून निघणाऱ्या टोळ्यांची भर पडली. पायी जाणारे ‘बोलरवागन’ ओढत नेत. ही चार चाकांची लाकडी हातगाडी असून तीत बिअरच्या बाटल्या, बटाट्याचे सॅलड, उकडलेली अंडी, खारवलेल्या काकड्या आणि बर्लिनमध्ये ‘बुलेटे’ म्हणून ओळखले जाणारे खिम्याचे तळलेले गोळे भरलेले असत.

या सहलीत बायकामुलांना बहुधा स्थान नव्हते. मोठ्यांनी तरुणांना पुरुषी रीतिभाती, त्यातही मुख्यतः पिण्याची रीत, शिकवावी अशी तिची कल्पना होती, आणि ती फारशी उदात्त म्हणता येणार नाही. कुटुंबाची सहल याच वाहनांनी, याच उपाहारगृहांकडे, पण रविवारी निघे. झाडांखाली बाके मांडलेल्या या उपाहारगृहांच्या दारावर, कुटुंबांना येथे स्वतःची कॉफी करता येईल, अशा अर्थाच्या पाट्या असत. गृहिणी दळलेली कॉफी आणि केक घरून आणी, मालकाला फक्त उकळते पाणी व कपबशा यांचे पैसे देई, आणि वडील आपल्या बिअरचे वेगळे मोजत. मालकाचा नफा कोठून येत असेल, हे यावरून उघड आहे. वडिलांची सहल आणि कुटुंबाची सहल या दोन धारा विसाव्या शतकात हळूहळू जवळ आल्या, आणि आज अनेक घरांत स्वर्गारोहणाचा गुरुवार म्हणजे मुलांसह सायकलवरून जाऊन उघड्यावर निखाऱ्यांवर सॉसेज भाजण्याचा दिवस झाला आहे.

पूर्व जर्मनीत पाच दिवसांचा कामाचा आठवडा आल्यावर १९६७ पासून ही सुटी रद्द करण्यात आली, ती १९९० मध्ये परत मिळाली. प्रथा मात्र तेथे टिकून राहिली, आणि ‘हेरेनटाग’ अथवा ‘मेनरटाग’ ही तिची नावे त्या भागात आजही अधिक ऐकू येतात. बर्लिनच्या आग्नेयेस असलेल्या श्प्रेवाल्ड या कालव्यांच्या प्रदेशात तर लांब वल्ह्याने ढकलत नेण्याच्या सपाट नावांतून ही सहल निघते, आणि खारवलेली काकडी हे त्या प्रदेशाचेच उत्पादन असल्याने ती सोबत नेण्याची गरज पडत नाही.

मातृदिनाला १९२३ मध्ये जर्मन फुलविक्रेत्यांच्या संघटनेने जसा आश्रय दिला तसा संघटित आश्रय या दिवसाला आरंभी लाभला नाही. तो सुटी, वाहन आणि बिअर यांच्या बळावर वाढला, आणि त्याची किंमतही मोजावी लागते. मद्यपानाशी संबंधित रस्ते-अपघात या दिवशी वर्षातील सरासरी दिवसाच्या सुमारे तिप्पट होतात, असे जर्मनीच्या सांख्यिकी कार्यालयाची आकडेवारी सांगते. प्रवाशांनीच पायडल मारत, मध्ये बिअरचे पिंप ठेवून चालवण्याची ‘बिअरबाइक’ निघाली तेव्हा तिचा वापर प्रवासापेक्षा मेजवानीसाठीच होतो, म्हणून रस्त्यावर आणण्यास तिला खास परवाना हवा, असा निर्णय तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केला. जुन्या हातगाडीला असा कोणताही परवाना लागत नाही. ती ओढणारा कायद्याच्या दृष्टीने पादचारीच असतो.