अत्तराची कुपी : पात्र आणि शब्द

सुगंधी द्रव्यांच्या इतिहासाविषयी जे लेखन झाले आहे, त्यात ती द्रव्ये कशी सिद्ध करीत याचा विचार पुष्कळ आढळतो. ती टिकवीत कशी, याचा फारच थोडा. संग्रहालयांतील मांडणीही या उपेक्षेला पोषक अशीच असते. रुप्याच्या नक्षीदार अत्तरदाण्या आणि उंच मानेच्या गुलाबदाण्या कपाटात ठेवलेल्या असतात, आणि पाहणारा सहजच असे धरून चालतो की, अत्तर साठवीत ते यांतच. प्रस्तुत लेखकास ही समजूत चुकीची वाटते. अत्तरदाणी हे देण्याचे पात्र होय, ठेवण्याचे नव्हे. पानसुपारीच्या प्रसंगी पाहुण्याच्या हाताला लावण्यापुरते अत्तर तिच्यात काढून घेत. साठा असे तो चामड्याच्या कुपीत.

चामडेच का, हे कनोजची पद्धती पाहिली म्हणजे उमगते. तेथे फुले पाण्यासह तांब्याच्या देगेत तापवितात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते, आणि भपक्यात आधीच घातलेले चंदनाचे तेल तिचा गंध धरून ठेवते. पुढे पाणी वेगळे काढले तरी तेलात ओलावा उरतोच. उंटाच्या कातड्याची कुप्पी उन्हात ठेवली असता हा ओलावा कातड्यातून हळूहळू उडून जातो आणि तेल आत राहते. काचेला हे साधत नाही. तेव्हा कुप्पी हे केवळ साठवणीचे भांडे नव्हे. निर्मितीची अखेरची पायरी तिच्यातच पुरी होते. चंदनाचे तेल मंदगतीने उडणारे असल्यामुळे असे अत्तर वर्षानुवर्षे टिकते, किंबहुना मुरते. याउलट मद्यार्कात विरघळविलेली पाश्चात्य सुगंधद्रव्ये हवा, उजेड व उष्णता यांनी लवकर बिघडतात. १९९० साली व्हर्साय येथे स्थापन झालेल्या ऑस्मोथेक या सुगंध-संग्रहालयात ती सुमारे १२ अंश सेल्सिअस तापमानात, अंधारात आणि आर्गॉन वायूच्या आवरणाखाली ठेवतात, ते याचमुळे.

आता शब्दाकडे वळू. तेलासाठी चामड्याचे पात्र वापरण्याची चाल जुनी आहे. अमरकोशात अशा पात्राला 'कुतू' आणि लहान असल्यास 'कुतुप' म्हटले आहे, हे लघुत्वदर्शक रूप साधण्यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्रच (५.३.८९) दिले आहे. मराठीत तेलातुपाच्या चामडी पात्रास 'बुधला' म्हणत. 'कुतुप' वरून 'कुप्पी' आली असे म्हणण्याचा मोह होतो. अर्थ जुळतो, ध्वनी मात्र जुळत नाहीत. स्वरमध्यस्थ 'प' चा प्राकृतात सामान्यतः 'व' होतो, आणि येथे तर द्वित्त 'प्प' आहे. संस्कृत 'कूपी' पासून मराठी 'कुपी' थेट तद्भव मानण्यासही हीच अडचण येते. ती तत्सम तरी असली पाहिजे, किंवा 'कुप्पी' सारख्या द्वित्तयुक्त रूपापासून आली असली पाहिजे. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे, कारण हा शब्द कोशांपेक्षा बाजारातून अधिक फिरला. ('अत्तर' मधील द्वित्त तकारावरही अरबी 'इत्र' पेक्षा विक्रेत्याच्या 'अत्तार' या नावाची छाया असावी.)

अशा प्रश्नांचा निर्णय व्हावयाचा तर धंद्याची परिभाषा जपणारी साधने हवीत, आणि मराठीत असे एक साधन आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे कै. प. कृ. गोडे (मृत्यू १९६१) यांनी गंगाधराचा 'गंधसार' आणि अज्ञात कर्त्याचा 'गंधवाद' हे ग्रंथ अभ्यासकांपुढे आणले. 'गंधसारा'त भावन, पाचन, बोध, वेध, धूपन व वासन अशा सहा क्रिया सांगितल्या आहेत, तर 'गंधवादा'वर मराठी टीका आहे. १९८९ साली बडोद्याहून या ग्रंथांची संपादित आवृत्तीही निघाली. संस्कृत अलंकारग्रंथावरील टीकेतील मराठी आणि सुगंध सिद्ध करणाऱ्याला वस्तू व कृती समजावून देणारी मराठी यांत फार अंतर असते. असे असूनही भाषाभ्यासकांनी या टीकेकडे वळावे तितके लक्ष वळविलेले नाही. ती औषधी-सुगंधांच्या अभ्यासकांचीच मिरास मानली गेली.

इकडे वस्तूही हातची जात आहे. कनोजात अत्तर आता बहुधा ॲल्युमिनियमच्या बाटल्यांतून ठेवतात. रुप्याची अत्तरदाणी मोडीत निघाली तरी तिचे मोल येते. तडकलेल्या चामडी कुपीचे काहीच येत नाही, म्हणून ती फेकली जाते. एम. ए.च्या विद्यार्थ्यांपैकी कोणी प्रबंधासाठी विषय शोधीत असेल, तर त्याने 'गंधवादा'च्या टीकेतील पात्रवाचक शब्दांची यादी प्रथम करावी, आणि ती घेऊन जुन्या अत्तारांच्या दुकानी जावे.