मायन्यातील आखूड अक्षरे

श्रोतेहो, सा. न. वि. वि.

एवढे ऐकून ज्यांचे केस पिकले आहेत त्यांनी ही अक्षरे मनातल्या मनात पुरी करून घेतली असतील : साष्टांग नमस्कार विनंती विशेष. पण घरातल्या आठवीच्या मुलाला विचारून पाहा, तो गोंधळेल. उलट त्याच्या फोनवर ‘जीएम’, ‘एचबीडी’, ‘टीसी’ अशी अक्षरे येतात ती तो सहज वाचतो, आणि गोंधळतात ते आजोबा. जीएम म्हणजे गुड मॉर्निंग, एचबीडी म्हणजे हॅपी बर्थडे, हे एक वेळ कळते. पण टीसी? शिक्षकाला शाळा सोडल्याचा दाखला आठवतो, आगगाडीच्या प्रवाशाला तिकीट तपासनीस आठवतो. मुलाच्या मनात मात्र ‘टेक केअर’, म्हणजे जपून राहा, एवढाच साधा भाव असतो.

यावरून भाषा बिघडली, पोरे आळशी झाली, अशी तक्रार पुष्कळ ऐकू येते. मला ती फारशी पटत नाही. या कामात आपल्या वाडवडिलांनी आजच्या पोरांना केव्हाच मागे टाकले होते.

आम्हां वाईकरांना याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. कृष्णेच्या काठाने थोडे वर गेले की मेणवली. तेथे नाना फडणिसांचा वाडा. नानांच्या दप्तराचे कागद तेथूनच रावबहादुर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी मिळवले आणि अभ्यासकांपुढे आणले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. त्यातली पानिपतच्या काळची पत्रे हाती लागली तीही वाईतच. छापलेला खंड वाचणे सोपे. पण मूळ मोडी कागद पुढे घेऊन बसा, म्हणजे कारकून काय चीज होता ते कळते. बोरू उचलायचा नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, आणि रोज शंभरदा येणारा शब्द पुरा लिहायचा नाही. पहिले अक्षर लिहून पुढे दोन उभे दंड ओढले की काम झाले. ‘क॥ वाई’ म्हणजे कसबे वाई, म्हणजे बाजारपेठेचे गाव. ‘प॥’ म्हणजे परगणे. ‘ता॥’ म्हणजे कुठे तालुका, कुठे तारीख, तर कुठे तागाईत, म्हणजे अमुक दिवसापर्यंत. ‘बा॥’ म्हणजे एके ठिकाणी बाबत आणि दुसऱ्या ठिकाणी बरहुकूम, म्हणजे हुकमाप्रमाणे. चांद्र तिथीच्या आधी नुसते ‘छ’ येते, ते चंद्राचे. आता सांगा, टीसीचे तीन अर्थ होतात म्हणून आपण हसायचे कोणाला?

कारकुनाला हे अर्थ कोणी लिहून दिले नव्हते. बापाच्या किंवा फडातल्या वडील कारकुनाच्या शेजारी बसून तो ते शिकला. वाचणाराही त्याच फडात तयार झालेला. अक्षरे आखूड चालली ती एवढ्याच भरवशावर, की पलीकडचा माणूस आपल्यातला आहे.

इंग्रजी अमलात टपाल आले. १ जुलै १८७९ पासून आपल्या देशात पोस्टकार्ड मिळू लागले, किंमत पाव आणा, म्हणजे जुना एक पैसा. त्या एका पैशात सगळ्या घराची खुशाली बसवायची होती. मग ‘मु. पो.’ म्हणजे मुक्काम पोस्ट, ‘क. लो. अ.’ म्हणजे कळावे लोभ असावा, ‘ता. क.’ म्हणजे ताजा कलम, अशी अक्षरे घरोघर रुळली. जागा वाचली हे खरेच. पण नुसती जागाच वाचवायची असती तर मायनाच गाळता आला असता. तो कोणी गाळला नाही, कारण त्यात माणसाची पायरी होती. वडिलांना ‘ती. रू.’ म्हणजे तीर्थरूप, इतर वडीलधाऱ्यांना ‘ती. स्व.’ म्हणजे तीर्थस्वरूप. धाकट्याला ‘चि.’, लग्न ठरलेल्या मुलीला ‘चि. सौ. कां.’. परक्या गृहस्थाला ‘रा. रा.’, म्हणजे राजमान्य राजेश्री, आणि वाईसारख्या ठिकाणच्या शास्त्रीबुवांना ‘वे. शा. सं.’, म्हणजे वेदशास्त्रसंपन्न. पत्र उघडण्याआधी, नुसत्या पत्त्यावरून, टपालवाल्याला कळे की हे कोणाचे कोण आणि कोणत्या मानाचे.

यातले एक संक्षिप्त रूप मात्र मला कधीच सोसले नाही. ते म्हणजे ‘गं. भा.’, गंगा भागीरथी. नाव पवित्र नद्यांचे, पण अर्थ एकच, की या बाईचा नवरा नाही. जिच्या नावाआधी काल ‘सौ.’ होते तिच्या नावाआधी आज ‘गं. भा.’ आले, आणि तेही पोस्टमास्तरापासून गल्लीतल्या पोरापर्यंत सर्वांना दिसेल असे, पत्त्यावर. बायको वारलेल्या पुरुषासाठी मायन्यात एकही अक्षर नाही. तो पूर्वी रा. रा. होता, नंतरही रा. रा. च राहिला. एप्रिल २०२३ मध्ये विधवा या शब्दाऐवजी ‘गं. भा.’ वापरावे असा विचार राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांकडून पुढे आला, तेव्हा महिला संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला, तो याचसाठी. दोन अक्षरे आहेत, पण ती बाईला जन्मभर वागवावी लागतात. ‘टीसी’ आणि ‘जीएम’ यांनी अजून तरी कोणाला असे डागलेले नाही.

तारेची गोष्ट वेगळी. तारेत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून तिथे मायना टिकला नाही. लग्नाच्या शुभेच्छांना तर तारखात्याने आकडेच नेमून दिले होते. फॉर्मवर आकडा लिहिला की पलीकडे पुरे वाक्य उमटे. जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली. तोवर तिची जागा मोबाईलच्या संदेशाने घेतली होती. पहिला असा संदेश इंग्लंडात ३ डिसेंबर १९९२ रोजी गेला. एका संदेशात इंग्रजी अक्षरे १६० मावत, पण देवनागरी चिन्हे अवघी ७०, आणि त्यांत काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजायची. आपली मुले मराठी बोलणे इंग्रजी अक्षरांत लिहू लागली, त्याचे हे एक कारण. पाव आण्याचे कार्ड आणि ७० चिन्हांचा संदेश यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

आणि ही अक्षरे आजची आहेत असेही नाही. ‘ओके’ हा शब्द अमेरिकेत बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात १८३९ साली छापला गेला. ‘ऑल करेक्ट’ हे शब्द मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहून त्यांची आद्याक्षरे घ्यायची, अशी ती थट्टा होती. त्याच वर्षी इकडे साताऱ्यात प्रतापसिंह महाराजांना कंपनी सरकारने गादीवरून काढले. ‘ओएमजी’, म्हणजे अरे देवा, हे तर १९१७ साली लॉर्ड फिशर या म्हाताऱ्या आरमारी सेनापतीने चर्चिलला लिहिलेल्या पत्रात आहे. फिशरने त्याचा अर्थही पुढे लिहिला होता. आपल्या खुणेचा अर्थ सांगणारे लोक थोडेच, हा त्यांतला एक.

पुष्कळांना तर अर्थ लपवायचाच असतो. १७६१ च्या पानिपतची बातमी पेशव्यांना कळली ती सावकारी पत्रातून, असे सांगतात. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या नुकसानीचा हिशेब होता. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे असंख्य शिपाई. वाटेत पत्र पकडले गेले असते तर वाचणाऱ्याला ती साधी व्यापारातली खोट वाटली असती. मुले आज आईबापांना कळू नये म्हणून नवी अक्षरे काढतात, तीही याच जातीची युक्ती, फक्त प्रसंग हलका.

पण लपवायचे नसतानाही अर्थ हरवतो, आणि आपले खरे नुकसान तिथे झाले आहे. गेल्या शतकाच्या मध्यावर शाळांतून मोडी गेली. फडातला कारकून त्याआधीच गेला होता. कागद राहिले. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे उघडायला लावली, तेव्हा मोडी वाचणारे शोधत फिरावे लागले. ज्या जुन्या नोंदींत जातीचा, गावाचा, नात्याचा शब्द पुरा न लिहिता अक्षरावर भागवलेला असतो, तिथे ते अक्षर कसे सोडवायचे यावर घराचा हक्क ठरू शकतो. लिपी चार-सहा महिन्यांत शिकता येते. पण दोन दंडांच्या आत काय आहे, ते शेकडो कागद डोळ्यांखालून गेल्यावाचून कळत नाही.

शिक्षक मंडळींना एक सुचवतो. अनेक घरांत जुनी कार्डे अजून तारेला टोचलेली असतात, पेटीच्या तळाशी एखादा मोडी कागदही निघतो. मुलांना ती पत्रे आजीआजोबांपुढे वाचायला लावा, आणि प्रत्येक आखूड अक्षराचा अर्थ वेगळ्या कागदावर उतरवून त्या पत्राला जोडा. मोबाईलवरची अक्षरेही त्याच वहीत, शेजारच्या रकान्यात, अर्थासह लिहू द्या. मूळ कागदाला मात्र शाई लावू नका, आणि त्यावर खळही चढवू नका. खळीला कसर लागते.