गोव्याच्या बाजूची तीन मते

भारतीय सैन्याच्या तुकड्या पणजीच्या दिशेने सरकत असतानाच, १८ डिसेंबर १९६१ रोजी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेची तातडीची बैठक भरली. भारताने आक्रमण केल्याची तक्रार पोर्तुगालने केली होती. तत्काळ शस्त्रसंधी व्हावी आणि भारताने सैन्य मागे घ्यावे, असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी मांडला. परिषदेचे तेव्हा अकरा सदस्य होते व ठराव संमत होण्यास सात मते पुरेशी होती. ठरावाच्या बाजूने नेमकी सात मते पडली. विरोधात गेले चार देश : सोव्हिएत संघ, सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक, म्हणजेच नासर यांचा इजिप्त. त्यांपैकी सोव्हिएत संघाला नकाराधिकार असल्याने ठराव बारगळला.

गोवामुक्तीच्या इतिहासात रशियाच्या या नकाराधिकाराचा उल्लेख हमखास येतो. उरलेल्या तीन मतांची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. निव्वळ हिशेबाने पाहिले तर ती नसती तरी निकाल तोच लागला असता. परंतु एकटा सोव्हिएत संघ विरोधात उभा राहिला असता, तर गोव्याचा प्रश्न शीतयुद्धातील आणखी एक झटापट ठरला असता. अलिप्ततेचा उद्घोष करणाऱ्या भारताला ते परवडणारे नव्हते. आशिया-आफ्रिकेतील तीन देशांनी विरोधी मत दिल्यामुळे हा वाद वसाहतवादाचा आहे, ही भारताची भूमिका टिकली.

ही मते एका रात्रीत मिळालेली नव्हती. पोर्तुगालने १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले आणि आपल्याकडे वसाहती नाहीतच, असा पवित्रा घेतला. हा देश ‘नाटो’चा संस्थापक सदस्य असल्याने पाश्चात्त्य राष्ट्रे त्याला दुखवू इच्छित नव्हती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यात महाराष्ट्रातून गेलेले कार्यकर्तेही होते. पुढे डिसेंबरमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांसह काढलेल्या संयुक्त निवेदनात या वसाहतींचा उल्लेख ‘प्रांत’ असाच केला. भारतात त्यावर संतापाची लाट उसळली. दोन्ही देशांचे संबंध तुटल्यानंतर गोव्यातील भारतीय हितसंबंधांची देखभाल इजिप्तने स्वीकारली. पोर्तुगालसाठी हेच काम ब्राझीलने केले.

खरे वळण आले ते आफ्रिकेमुळे. एकट्या १९६० या वर्षात आफ्रिकेतील सतरा देश स्वतंत्र झाले आणि आमसभेतील गणित पालटले. १४ डिसेंबर १९६० रोजी वसाहतवाद संपविण्याचा जाहीरनामा ८९ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, पोर्तुगाल यांच्यासह नऊ देश तटस्थ राहिले. दुसऱ्याच दिवशी संमत झालेल्या ठरावात पोर्तुगालच्या अस्वायत्त प्रदेशांची यादी देण्यात आली. त्या यादीत अंगोला, मोझांबिक यांच्या पंक्तीत गोवाही होता. पोर्तुगालचा ‘प्रांता’चा दावा राष्ट्रसंघाने अशा रीतीने फेटाळला होता.

१९६१ च्या आरंभी अंगोलात उठाव झाला. तो प्रश्न सुरक्षा परिषदेत नेला लायबेरियाने आणि मार्चमध्ये त्यावर ठराव मांडला लायबेरिया, सिलोन व संयुक्त अरब प्रजासत्ताक या तिघांनी. डिसेंबरमध्ये गोव्याच्या वेळी एकत्र आले ते हेच त्रिकूट. लायबेरिया हा अमेरिकेच्या निकटचा देश आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेलग्रेड येथे भरलेल्या अलिप्त राष्ट्रांच्या पहिल्या परिषदेतील पंचवीस सदस्यांतही त्याचा समावेश नव्हता. भारताशी असलेल्या मैत्रीपेक्षा पोर्तुगालविरुद्धचा लढा त्याला अधिक महत्त्वाचा वाटत होता. पोर्तुगीज वसाहतींतील आफ्रिकी नेत्यांची भूमिकाही अशीच होती. ऑक्टोबर १९६१ मध्ये दिल्लीत भरलेल्या परिसंवादात त्यांनी, भारत गोव्याबाबत थांबून का राहिला आहे, असा प्रश्न यजमानांनाच विचारला. नेहरूंवर तो मोठाच दबाव होता.

सुरक्षा परिषदेत भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी याच धाग्यावर युक्तिवाद केला. गोवा हा भारताचाच भाग असल्याने तेथे आक्रमणाचा प्रश्नच उद्भवत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पोर्तुगालची तक्रार फेटाळावी व त्याने वसाहती संपविण्यासाठी भारताशी सहकार्य करावे, असा प्रतिठराव तिन्ही देशांनी मांडला. तो चार विरुद्ध सात मतांनी पडला. मार्चमध्ये अंगोलाच्या ठरावाला पाठिंबा देणारे अमेरिकेचे स्टीव्हन्सन या वेळी, राष्ट्रसंघाच्या अंताला येथून प्रारंभ होईल, अशी भीती व्यक्त करीत होते. बळाच्या वापराबद्दलची त्यांची टीका अगदीच अनाठायी नव्हती. शांततेचा आग्रह धरणाऱ्या देशाने सैन्य पाठविले होते. १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली.

या एकजुटीची मर्यादा वर्षभरातच दिसली. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला, तेव्हा सिलोन व इजिप्त यांनी बाजू न घेता मध्यस्थी पत्करली. डिसेंबरमध्ये कोलंबोत सहा देश जमले आणि त्यांनी तोडग्याचे प्रस्ताव तयार केले. चीनला आक्रमक ठरविण्याचे त्यांनी टाळले. इजिप्तची सहानुभूती भारताकडे होती, तर घानाने भारताला शस्त्रे पुरविण्याच्या ब्रिटनच्या निर्णयावरच आक्षेप घेतला. युरोपीय सत्तेविरुद्ध सहज जुळलेली मते दोन आशियाई शेजाऱ्यांच्या सीमावादात जुळली नाहीत.

गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने औपचारिकरीत्या मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने, लिस्बनमधील हुकूमशाही कोसळल्यानंतर. अंगोला त्यानंतर सुमारे दहा महिन्यांनी, ११ नोव्हेंबर १९७५ रोजी स्वतंत्र झाला.